नातीच्या गोळीबद्दल आजीलाही सांगा

म्हाताऱ्यांचे आणि किशोरवयीनांचे आरोग्य कार्यक्रम अगदी वेगळे ठेवावेत, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत, निदान आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडे तरी. रक्त कमी होऊ नये म्हणून १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी असते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ती घेतल्यावर शौचाला काळं झालं, जरा मळमळलं, की घरातून आजी म्हणते, "नको घेऊ ते!" विषय संपला. काळा रंग लोहाचाच, घाबरायचं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, वर लगेच चहा पिऊ नये, हे त्या आजीला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि आमच्याकडे तर भाकरीसोबतही चहा चालतो!

आशाताई तिशीवरच्यांचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायला घरी येतात. तेव्हाच दोघींना समोर बसवा. त्रास वाटत नाही म्हणून आजी बीपीची गोळी सोडते. पाकीट संपत आलं की नात सांगू शकते.

सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका, सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यातही रक्त कमी होतं) तपासणीही कराच.