एव्हीआर पुरतोय, की पॉवर ॲम्प घ्यायलाच हवा?

घोडबंदरकर

मंडळी, एका दुकानदाराने डोक्यात किडा सोडलाय. तो तुम्हीच काढा.

हॉल ११ बाय १७ फुटांचा, सोफा स्पीकरपासून १० फुटांवर. समोर डावी-उजवीकडे केईएफचे एलएस५० मेटा, मधला आणि मागचे लहान स्पीकर, शिवाय १२ इंची सबवूफर. सगळं डेनॉनच्या एक्स३८००एच एव्हीआरवर (आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारं, आतच ॲम्प असलेलं यंत्र). कागदावर चॅनेलमागे १०५ वॉट. इतके दिवस काही तक्रार नव्हती. गेल्या आठवड्यात एचडीएमआय केबल आणायला एका दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थांनी स्पीकरचं नाव ऐकून असा चेहरा केला की जणू मी पैठणीवर रबरी चप्पल घातलीय. म्हणाले, "हे स्पीकर एव्हीआरवर खुलतच नाहीत. चॅनेलमागे २०० वॉटचा वेगळा पॉवर ॲम्प लावा, मग बघा." म्हणजे स्पीकरला नुसती ताकद पुरवणारं वेगळं यंत्र, किंमत लाखाच्या पुढे. डेमो ऐकला, दणदणीत वाटला. घरी आलो तर आपलंच फिकं वाटायला लागलं. बायको म्हणते, फिकं काही झालेलं नाही, तुला खरेदीची हुक्की आलीय.

घेऊ की नको? कारणासकट सांगा.

ओहमकार

नको. वहिनींचं निदान बरोबर आहे.

आता कारणं. तुमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले (८ ओहमला १ वॉट) की १ मीटरवर ८५ डेसिबल आवाज. १०० वॉटला त्यात २० ची भर, १०५ वॉटला २०.२. झाले १०५.२. आता केईएफच्याच माहितीपत्रकात बघा: कमाल आवाज १०६ डेसिबल, ॲम्प ४० ते १०० वॉटचा घ्यावा. म्हणजे एव्हीआर दमतो तिथून पाऊण डेसिबल पुढे स्पीकरच दमतो. उरलेले वॉट कुणाला देणार, पडद्यांना?

१०५ वरून २०० वॉटला गेलात की मिळतात २.८ डेसिबल. वॉट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात. कानाला "दुप्पट मोठा" आवाज वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यासाठी वॉट दसपट करावे लागतात. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण २०० हा आकडा १०५ च्या दुप्पट दिसतो आणि गिऱ्हाईक तेवढंच बघतं.

आणि डेमोत दणदणीत वाटलं त्याचं म्हणाल तर, तिथे आवाजाची पातळी कुणी मोजली होती? एक डेसिबल मोठं वाजलं की माणसाला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती आहे ती.

भोंगा

आले हिशेबनीस.

ओहमकार, तुमचं गणित ८ ओहमचं आहे, स्पीकर प्रत्येक सुराला ८ ओहमचा नसतो. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो कमी तितका करंट जास्त. त्याच माहितीपत्रकात किमान ३.५ ओहम अशीही ओळ आहे, ती सोयीस्कर विसरलात. १०५ वॉट म्हणजे २९ व्होल्ट. ३.५ ओहमला २९ व्होल्ट म्हणजे ८ अँपिअरच्या वर करंट, तोही एका चॅनेलला. नऊ चॅनेलचे ॲम्प, एव्हीआरचा प्रोसेसर, सगळ्यांना मिळून ट्रान्सफॉर्मर एकच. १०५ चा आकडा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेला असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. एकत्र कुटुंबात नळ एक आणि नऊ जण आंघोळीला, अशी गत. वेगळ्या पॉवर ॲम्पला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो, मोठे कपॅसिटर असतात. प्रश्न वॉटचा नाही, करंटचा आहे.

माझ्याकडे पूर्वी एव्हीआरच होता. वेगळा ॲम्प लावला त्या दिवशी ढोल आणि ताशा वेगळे ऐकू यायला लागले. आधी नुसता गलका होता.

सदाशिवपेठी

वॉटचा विषय निघालाच आहे म्हणून अवांतर: आमच्याकडे अजून एक टू-इन-वन माळ्यावर आहे, त्यावर ठसठशीत छापलंय १००० वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा). सहा सेलवर चालायचा. सेलमधून हजार वॉट काढणाऱ्या त्या महापुरुषाचा सत्कार राहूनच गेला.

अमेरिकेत असलीच आकडेबाजी सुरू होती म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली ॲम्पचे वॉट कसे मोजून छापायचे याचा नियमच केला. तरी पळवाटा निघाल्याच. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, ०.०८ टक्के विकृती (आवाजाची मोडतोड) असं लिहिलेले १०५ वॉट आणि १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, १० टक्के विकृती असं लिहिलेले १८५ वॉट एकाच यंत्राचे असू शकतात. खोक्यावर दुसरा आकडा मोठ्या टायपात असतो. पहिला शोधायला भिंग लागतं.

लॅमिंग्टनचा_वाटसरू

लाख कशाला घालवता? लग्नाच्या मांडवात चालणारे व्यावसायिक ॲम्प बघा. क्राउनचा एक्सएलएस १००२ घ्या, ८ ओहमला २१५ वॉट, ४ ला ३५०, वजन हातात उचलण्याइतकं. क्लास डी आहे, तापत नाही फारसा.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो. एक, त्याला पंखा असतो. मांडवात कोण ऐकतो पंखा, पण रात्री अकराला शांत प्रसंग चालू असताना १० फुटांवरून घरघर येते. दोन, तुमच्या एव्हीआरचा प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) किती व्होल्ट देतो आणि ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी किती लागतात हे आधी जुळवा. नाहीतर गेन वाढवत बसाल आणि ट्वीटरमधून (वरचे सूर वाजवणारा स्पीकरचा छोटा भाग) सतत "स्स्स्" येईल.

ओहमकार

भोंगा, ३.५ ची ओळ विसरलो नव्हतो, तुम्ही काढावी म्हणून ठेवली होती.

हिशेब पुरा करा ना. घरात कुणी २९ व्होल्टला वाजवतंय का? सिनेमात सगळे चॅनेल एकदम टिपेला जातात असंही नसतं. बराच वेळ बोलणं चालू असतं मधल्या स्पीकरवर. त्यात ८० हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज सबवूफरकडे वळवलेला, आणि त्याला स्वतःचा ॲम्प आहे. ज्या कामात वॉट खर्ची पडतात ते काम एव्हीआरच्या गळ्यात उरलेलंच नाही.

ढोल-ताशाचं म्हणाल तर १९८५ ची गोष्ट ऐका. बॉब कार्व्हर नावाच्या अमेरिकन ॲम्पवाल्याने स्टिरिओफाइल मासिकाला आव्हान दिलं: तुम्ही म्हणाल त्या महागड्या ॲम्पसारखा माझा स्वस्त ॲम्प वाजवून दाखवतो. त्यांनी एक भारी व्हॉल्व्हचा ॲम्प पुढे ठेवला. गड्याने दोनेक दिवसांत आपल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये फेरफार करून दोघांच्या आउटपुटमधला फरक जवळजवळ शून्यावर आणला. मासिकाच्या कानसेनांना वेगळेपण सांगता आलं नाही. तात्पर्य: ॲम्पला आत्मा नसतो, मोजता येणारे गुण असतात.

भोंगा

मजा आहे. गोष्ट तुमची, निष्कर्ष माझा. कार्व्हरला फेरफार करावे लागले ना? मुळात दोन्ही सारखेच वाजत असते तर दोन दिवस सोल्डरिंग गन घेऊन काय करत होता? फरक होता म्हणून तर मिटवायला लागला.

आणि ८० हर्ट्झचं कौतुक पुरे. होल असलेल्या बहुतेक छोट्या पेट्यांचा इम्पीडन्स (म्हणजे तेच ओहम) १५० ते २५० हर्ट्झच्या आसपास खाली येतो. तो भाग सबवूफरकडे जातच नाही. पुरुषी आवाज, तबल्याचा डग्गा, दार आपटणं, सगळं तिथलंच. आणि कमी ताकदीचा ॲम्प ताणला की लाट वर-खाली छाटली जाते. त्यात पहिला ट्वीटर जळतो. जास्त वॉटने जळलेल्या स्पीकरपेक्षा कमी वॉटने जळलेले जास्त बघितलेत मी.

सांजवात

मी नागपूरची. तुमच्या दोघांच्या भांडणात उष्णता आहेच, खरी उष्णता मी सांगते.

मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश असतं. एव्हीआर टीव्हीखालच्या बंद कप्प्यात होता. दीड तासाने आपोआप बंद पडायचा. मीही तेव्हा वेगळ्या ॲम्पच्याच विचारात होते. शेवटी सुताराला बोलावून मागची फळी काढली, वर बोटभर नाही, चांगली वीतभर जागा सोडली, एक १२० मिलिमीटरचा संगणकाचा पंखा हळू वेगावर लावला. बंद पडणं थांबलं. ॲम्पचे पैसे वाचले.

तरी भोंगांच्या बाजूने एक मत: समोरच्या दोन स्पीकरचं ओझं दुसरीकडे दिलं तर एव्हीआर गार राहतो हे खरं आहे. एक्स३८००एच मध्ये तर आतले ॲम्प पूर्ण बाजूला ठेवायची, नुसतं प्रोसेसर म्हणून वापरायची सोय आहे. पण त्यासाठी लाख? माझा सुतार बाराशेत गेला.

घोडबंदरकर, मेनूमध्ये इम्पीडन्सचं सेटिंग बघा. कुणी "४ ओहम करा, सुरक्षित राहील" सांगितलं असेल तर परत ८ वर आणा. खालच्या सेटिंगला आउटपुटचे व्होल्टच आवळले जातात. कदाचित तुमचं फिकेपण तिथे असेल.

न्यूजर्सीकर

भारतात येताना इथून ॲम्प आणायचा विचार कुणी करत असेल तर मागचं लेबल आधी वाचा. इथले बरेच ॲम्प १२० व्होल्टचेच असतात. माझ्या मेव्हण्याने पुण्यात थेट २३० ला लावला. धूर सुगंधी नव्हता.

घोडबंदरकर

सांजवातताई, दंडवत. सेटिंग ४ वरच होतं! कुणी केलं माहीत नाही, बहुधा बसवायला आलेल्या मुलाने. ८ वर आणलं. मोठ्या आवाजात थोडा मोकळेपणा आला असं वाटतंय, पण आता माझ्या "वाटण्या"वर माझाच भरवसा उरलेला नाही.

ओहमकार, मी खरोखर किती व्होल्ट वापरतो हे घरी कसं मोजू? मल्टीमीटर आहे.

ओहमकार

सोपं आहे. पूर्ण पातळीपेक्षा १२ डेसिबल खालचा, १२० हर्ट्झचा शुद्ध सूर घ्या. फाइल सहज मिळते. स्पीकरच्या वायरी काढा, नाहीतर शेजारी येतील. नेहमी ज्या आकड्यावर सिनेमा बघता तिथे व्हॉल्यूम ठेवा, एव्हीआरच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. वायरींची टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा. १२ डेसिबल म्हणजे चौपट व्होल्ट, तेव्हा त्या व्हॉल्यूमला सिनेमातला कुठलाही धमाका तुमच्याकडून यापेक्षा जास्त मागूच शकत नाही. तरी थोडी सूट ठेवा, कारण एव्हीआरचं खोलीनुसार केलेलं सुधार-गणित काही ठिकाणी पातळी वाढवतं.

आणि भोंगा, ट्वीटर कमी वॉटने जळत नाही. जळतो तो ॲम्प दमलाय हे ऐकूनही आवाजाचं बटण फिरवत राहणाऱ्याने. छाटलेली लाट ॲम्पच्या लिहिलेल्या ताकदीच्या दुपटीपर्यंत वीज देऊ शकते, आणि खर्ज छाटला गेला तरी वरचे सूर वाढतच राहतात, ते सगळे ट्वीटरच्या वाट्याला. तीच व्यक्ती २०० वॉटचा ॲम्प मिळाला की आणखी पुढे फिरवेल.

घोडबंदरकर

मोजलं. व्हॉल्यूम उणे १८ ला (एव्हीआरवर आकडे ० च्या खाली असतात, ० कडे जाल तसा आवाज मोठा) १.९ व्होल्ट. चौपट, ७.६. वर्ग करून ८ ने भागलं: ७ वॉटच्या थोडं वर.

सात! तेही सगळ्यात मोठ्या धमाक्याला. मी दोनदा मोजलं.

मग डोकं चाललं तसं पुढे नेलं. पोरं जमली की उणे १० ला जातो आम्ही. त्या ८ डेसिबलचे व्होल्ट अडीचपट, १९. एव्हीआरकडे २९ आहेत. ० ला गेलो तर ६० व्होल्ट लागतील, म्हणजे ४५० वॉट. ते तर २०० वॉटवाल्या ॲम्पकडेही नाहीत, त्याचे ४० लाच संपतात. थोडक्यात, लाखाच्या वस्तूचा उपयोग मला साधारण उणे साडेसहा ते उणे साडेतीन एवढ्याच पट्टीत होणार, आणि तिथे मी आजवर एकदाही गेलेलो नाही. वर पाटीलकाका राहतात. निवासी भागातली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा त्यांना तोंडपाठ आहे.

सदाशिवपेठी

पाटीलकाकांना धाग्याचे सहलेखक करा.

भोंगा

मल्टीमीटरला ८ ओहम माहीत आहेत, ३.५ माहीत नाहीत. तुमच्या ७ वॉटचे त्या ठिकाणी १६ होतात, आणि उणे १० ला शंभरच्या वर. तेवढा करंट मागचे स्पीकरही वाजत असताना तुमचा एव्हीआर देतो की नाही हे वायर काढून कळणार नाही. वायर लावूनच कळेल.

मी कल्याणला असतो. रविवारी माझा ॲम्प गाडीत टाकून आणतो. १८ किलोचा आहे, लिफ्ट चालू आहे का ते सांगा. तुमच्या मल्टीमीटरने दोन्हीचे व्होल्ट बरोबरीला आणू, म्हणजे ओहमकारांची तक्रार नको. चादर टाकून ठेवू, वहिनी वायरी बदलतील, आपण तिघांनी ओळखायचं. वीस वेळा. पंधरा वेळा बरोबर आलो तर तुम्ही पॉवर ॲम्प घ्यायचा.

ओहमकार

येतो. आणि पंधरा नाही आले तर?

भोंगा

तर १८ किलो परत खाली मीच नेईन.

घोडबंदरकर

या दोघंही. लिफ्ट चालू आहे. १६ अँपिअरचा सॉकेट टीव्हीपासून लांब, स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे, तेव्हा जाड वायरचं एक्स्टेन्शन घेऊन या. बायको वायरी बदलायला तयार आहे, पण वीस वेळा नाही म्हणते. बारा वेळा, आणि मध्ये मिसळ तुम्ही आणायची.