बांधलेल्या इंजिनाचे नट पुन्हा आवळावेत की नाही?

जुनी_लॅम्ब्रेटा
विजय सुपर किंवा लॅम्ब्रेटा जीपी 150 या जुन्या स्कूटरचे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधले, की काही दिवसांनी नट पुन्हा आवळायचे की नाही यावर जुन्या गाड्या जपणाऱ्यांत दोन तट पडतात. माझ्या मते, इंजिन एकदा चांगले तापून पूर्ण निवाल्यावर हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, चारही नट पुन्हा आवळलेच पाहिजेत. या गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे, सिलिंडर बिडाचा आणि स्टड (ज्यांवर नट बसतात ते आटेदार दांडे) पोलादी असतात. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे तापलेल्या इंजिनात हेडखालच्या पॅकिंगवरचा दाब वाढतो, नवे पॅकिंग आणखी दबते आणि इंजिन निवाल्यावर स्टडमधला ताण बांधतानाच्या ताणापेक्षा कमी भरतो. सांध्यावर काळसर तेलकट ओघळ दिसेपर्यंत थांबलात, तर पॅकिंगची कड जळू लागलेली असते.

चेंबर_वाचवा
कारणमीमांसा मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. पुन्हा आवळण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात काय होते, ते कोणत्याही गॅरेजमध्ये पाहावे: गरम इंजिन, लांब दांड्याचा पाना आणि केवळ हाताचा अंदाज. स्टड चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरखालच्या इंजिनाच्या खोक्याच्या, ॲल्युमिनियममध्ये बसवलेले असतात; तेथील आटे एकदा ओढले गेले, की हेड आणि सिलिंडर उतरवून नवे आटे बसवण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय हे स्टड सिलिंडर आणि हेड दोन्हींतून आरपार जाण्याइतके लांब असल्यामुळे आवळताना ताणले जातात आणि पॅकिंग किंचित दबले तरी त्यांचा बहुतेक ताण टिकून राहतो. हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासलेले असेल आणि नट पहिल्याच वेळी फुलीच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळलेले असतील, तर त्यांना पुन्हा हात लावू नये.

जुनी_लॅम्ब्रेटा
आपला आक्षेप चुकीच्या पद्धतीवर आहे, पुन्हा आवळण्यावर नाही. गरम इंजिनाला पाना लावूच नये, हे मीही आग्रहाने सांगतो. इंजिन रात्रभर निवू द्यावे, काउल (सिलिंडरवरचे पत्र्याचे आवरण) काढावे, एका वेळी एकच नट पाव फेरा सैल करावा आणि मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) ठरलेल्या मापाला, म्हणजे 20 न्यूटन-मीटरच्या आसपास, आणावा. सैल न करता थेट पाना लावला, तर थांबलेला नट हलवण्यासाठी लागणारे घर्षणच पाना मोजतो, तो ‘टक्’ करतो आणि नट जागचा हललेलाही नसतो. लावलेल्या जोरापैकी साधारण दहा टक्केच जोर स्टडच्या ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणूनच आटे स्वच्छ असावेत, आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेले माप तेल लावलेल्या आट्यांना लावू नये.

टू_स्ट्रोक_पुणे
आपण दोघेही हेडपाशीच अडकला आहात. लांब स्टड ताण टिकवतात हे खरे असेल, तर आखूड स्टड तो लवकर गमावतात हेही ओघानेच आले, आणि म्हणून सायलेन्सर जिथे सिलिंडरला जोडतो त्या फ्लँजचे आखूड स्टडवरचे नट आधी तपासायला हवेत. त्याहून गंभीर बाब म्हणजे मागच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, मोठा नट. हब निमुळत्या बैठकीवर बसतो. गाडी पहिल्यांदा चालवल्यावर ती बैठक घट्ट जमते, नटाचा ताण उतरतो, आणि मग हब सूक्ष्म हलत राहून शाफ्टचे दाते खातो. हेडची गळती पॅकिंग बदलून थांबते, खाल्लेल्या दात्यांसाठी मात्र शाफ्ट आणि हब दोन्ही बदलावे लागतात.

चेंबर_वाचवा
हबच्या बाबतीत माझा विरोध नाही. त्याचे लॉक काढून नट तपासावा आणि लॉक पुन्हा नीट बसवावे. परंतु ज्या आट्यांना लॉकिंग द्रव लावला आहे, त्यांना तपासणीसाठीही हलवू नये, कारण धरलेला द्रव एकदा तुटला की तो पुन्हा धरत नाही. हेडबाबत माझे मत कायम आहे: ज्याच्याकडे टॉर्क पाना नाही, त्याने गळतीची खूण दिसल्याखेरीज नटांना हात लावू नये.

जुनी_लॅम्ब्रेटा
ज्याच्याकडे टॉर्क पाना नाही, त्याने मुळात हेड बांधायलाच घेऊ नये.