बोर्डावर नाव कोणाचं?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता क्लबहाऊसमध्ये व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) दाखवतोय. नोटीस आत्ता प्रिंट करून तिन्ही विंगच्या लिफ्टजवळ लावतो.

ए-३०२: वा, छान. पण नोटिशीत गदिमांचं नाव नाही. कथा पटकथा त्यांची आहे ना?

सेक्रेटरी: साहेब एका ओळीत किती नावं बसवू

ए-३०२: एकच बसवा, पण ज्यानं लिहिलं त्याचं बसवा. 'यांचा सिनेमा' म्हटलं की दिग्दर्शकाचंच नाव यायला पाहिजे हा नियम कोणी केला?

सी-६०१: अहो पण इथे दिग्दर्शक शांताराम, निर्माता शांताराम, हिरो शांताराम. बैलाशी झुंजायच्या सीनमध्ये डोळ्याला जबर इजा झाली त्यांच्या. ज्यानं 'दो आँखें'साठी स्वतःचा डोळा पणाला लावला त्याचा सिनेमा नाही तर कोणाचा म्हणायचा

ए-३०२: काका, डोळ्याचं मान्य. पण सहा खुनी कैदी, एक जेलर आणि उजाड माळरान हे कागदावर आल्याशिवाय बैल तरी कुठून येणार होता?

बी-१०४: तसं बघायला गेलं तर मूळ कल्पना गदिमांचीही नाही. औंध संस्थानात स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची खुली वसाहत होती, त्या प्रयोगावरून हे सुचलेलं आहे. मग औंधच्या राजांचंही नाव टाका नोटिशीवर.

सेक्रेटरी: प्रिंट थांबवलीय.

बी-१०४: गंमत सोडा पण हा वाद जुना आहे. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये फ्रान्स्वा त्रुफो या तरुण समीक्षकानं 'काइये द्यु सिनेमा' या सिनेमाच्या मासिकात लेख लिहिला, तेव्हा तो फक्त २१ वर्षांचा होता. नावाजलेले पटकथाकार कादंबऱ्या घेऊन सिनेमे बांधतात आणि दिग्दर्शक त्यात नुसती चित्रं बसवतो असं म्हणून त्यानं पटकथाकारांना धुतलं. पुढे त्यातून दिग्दर्शक हाच सिनेमाचा खरा लेखक हा विचार जगभर पसरला.

बी-५०३: सर, आणि तोच त्रुफो ५ वर्षांनी स्वतः दिग्दर्शक झाला. म्हणजे न्यायाधीश कोण होता बघा.

बी-१०४: हाहा. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

सी-६०१: ताई तुम्ही सीरियल लिहिता ना, तुम्हीच सांगा काय ते

बी-५०३: काका मी फक्त संवाद लिहिते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे, आणि या सगळ्यांच्या वर चॅनेलचा क्रिएटिव्ह. डेली सोपमध्ये दिग्दर्शकही बदलत राहतात, एखादा महिनाभर नसला तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही, म्हणून ते 'दिग्दर्शकाची कलाकृती' वगैरे आमच्याकडे चालतच नाही. एक किस्सा सांगते, चॅनेलचं नाव विचारू नका. एका एपिसोडमध्ये मुलगी रात्री घर सोडून जाते, आई जागी असते, तिला सगळं कळलेलं असतं, आणि ती फक्त उठून दाराची कडी लावते, तीही आवाज न करता, कारण आवाज झाला तर नवरा उठेल. एक शब्द नाही. मला वाटलं बरं काहीतरी लिहिलं आपण. सकाळी ७ ला मेसेज आला की म्यूट सीन नको, बाई बोलायला पाहिजे, अडीच पानं करा, १० वाजता शॉट लागतोय. मी केली अडीच पानं, दुसरं काय करणार. सेटवर नटी म्हणाली एवढं मी बोलणार नाही, तिनं अर्ध्यावर आणलं. दिग्दर्शकाला ६ ला दुसरा सीन संपवायचा होता म्हणून त्यानं एका मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन एकाच लांब शॉटमध्ये उरकलं. आणि टेलिकास्टला बघते तर संवाद संपल्यावर आईचा नुसता चेहरा, सात-आठ सेकंद, डोळे भरलेले, आणि मग कडीचा क्लोजअप. माझा सीन परत आलेला! त्या आठवड्यात सगळ्यांनी नटीचं कौतुक केलं. मीही केलं. पण तो चेहरा आला कुठून हे मला अजून कळलेलं नाही.

सी-२०२: ताई मी सांगतो. तो एपिसोड आमच्याकडेच एडिट झालाय, मी असिस्टंट होतो

बी-५०३: काय सांगतोस

सी-२०२: ते डोळे भरलेले वगैरे काही नव्हतं. अॅक्शन म्हणायच्या आधीचं फुटेज आहे ते. लाईटवाले दादा काहीतरी अॅडजस्ट करत होते, मॅडम वाट बघत उभ्या होत्या, लाईट डोळ्यात जात होता म्हणून पाणी आलेलं. कॅमेरा रोल होता. एडिटर सरांनी ते उचलून शेवटी लावलं कारण एपिसोड ११ सेकंद शॉर्ट पडत होता

ए-३०२: 😮

सी-६०१: म्हणजे लाईटवाला लेखक

बी-५०३: मी आत्ता किती वेळ हसतेय. ४ वर्षं मी त्या बाईंच्या अभिनयाची उदाहरणं देतेय लोकांना.

ए-३०२: तरी मी म्हणेन ताई की सीन तुमचाच. कडी लावायचं तुम्ही लिहिलं म्हणून कडीचा क्लोजअप घेतला गेला, आणि क्लोजअप होता म्हणून एडिटरला त्याच्या आधी चेहरा लावायचं सुचलं.

बी-५०३: दादा तुम्ही मनाला बरं वाटेल असं बोलताय, पण माझं मत वेगळं झालंय आताशा. कोणाला काय सुचलं यावर ठरवायला गेलं तर भांडण मिटणारच नाही, सुचतं सगळ्यांनाच, स्पॉटदादांना पण सुचतं आणि कधीकधी आमच्यापेक्षा बरं सुचतं. मी बघते शेवटचं 'नको' कोणाचं आहे. सिनेमात ते बऱ्याचदा दिग्दर्शकाचं असतं, पैसे जास्त लागले की निर्मात्याचं होतं. आमच्याकडे चॅनेलचं, आणि त्याच्यावर गुरुवारच्या टीआरपीचं. अमेरिकेत शोरनर असतो तो मुळात लेखक, पण कास्टिंगपासून एडिटपर्यंत 'नको' म्हणायचा अधिकार त्याच्याकडे, म्हणून तिथे मालिका लेखकाची म्हणतात. तिथले लेखक काही जास्त हुशार असतात असं नाही हो.

बी-१०४: पण शांताराम-गदिमा जोडीत 'नको' शांतारामांचंच असणार, स्टुडिओच त्यांचा. मग तुमच्या हिशोबानं नोटीस बरोबर होती की.

बी-५०३: हो सर, माझ्या हिशोबानं बरोबर होती. मला आवडत नाही ते वेगळं.

ए-३०२: ताई तुम्हीच पार्टी बदलली!

सी-२०२: मला क्रेडिट लिस्टमधली एक गोष्ट फार आवडते. हॉलिवूडच्या लेखक संघाचा नियम आहे, दोन लेखकांच्या नावांमध्ये अँडचं चिन्ह (&) असेल तर दोघांनी एकत्र बसून लिहिलं, आणि अँड हा पूर्ण शब्द असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहिलं, बहुतेकदा एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं नंतर बदललं. मी आता सिनेमा संपला की तेच बघतो, कोणी कोणाचं खोडलं ते

बी-१०४: हे मस्त आहे. 'सिटिझन केन'चं भांडण असंच. १९४१ चा सिनेमा, ऑस्कर मिळालं ते फक्त पटकथेला, पटकथाकार मँकिविट्झ आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्स दोघांना मिळून. त्यानंतर ३० वर्षांनी पॉलीन केल या समीक्षिकेनं लांबलचक लेख लिहिला की पटकथेचं श्रेय खरं मँकिविट्झचं. मग वेल्सच्या बाजूचे तुटून पडले. अजून मिटलेलं नाही.

ए-८०१: आत्ता कोर्टातून आले, वर सगळं वाचलं. नावाचं नंतर बघा, परवानगीचं काय केलंत?

सेक्रेटरी: कसली परवानगी काकू? पेन ड्राइव्हवर आहे

ए-८०१: पेन ड्राइव्हवर आहे म्हणजे तुमचा झाला का. भारतीय कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा ऑथर कोण ठाऊक आहे का कोणाला? प्रोड्युसर. लेखक नाही, दिग्दर्शक तर नाहीच नाही. तुमच्या त्रुफोच्या फ्रान्समध्ये कायदा पटकथाकार, संवादकार, संगीतकार आणि दिग्दर्शक या सगळ्यांना सहलेखक धरून चालतो. आपल्याकडे ज्यानं पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो ऑथर.

ए-३०२: हा तर अन्याय आहे काकू

ए-८०१: थांबा, पुढे ऐका. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९५७ चा सिनेमा, म्हणजे २०१७ संपलं तेव्हा तो संपला. पण कथा-पटकथा हे वेगळं लेखन, त्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे २०३७ पर्यंत.

ए-३०२: म्हणजे गदिमा टिकले!!

ए-८०१: नाचू नका लगेच. तो हक्क लेखकाकडे राहिला होता की करारानं स्टुडिओकडे गेला हे कागद बघितल्याशिवाय कोणी बोलू नये. त्या काळात बहुतेक लोक काय वाचून सही करायचे ते सांगायला नको. २०१२ मध्ये कायदा बदलला, आता सिनेमासाठी लिहिलेलं थिएटरच्या बाहेर वापरलं की लेखकाला रॉयल्टीचा वाटा मिळायला पाहिजे, तो करारात सोडून द्या म्हटलं तरी सोडता येत नाही.

बी-५०३: काकू, मिळायला पाहिजे आणि मिळतं यात बराच फरक असतो. माझा करार दाखवते तुम्हाला एकदा, ९ पानांचा आहे, त्यात माझं काम काय ते ४ ओळीत आणि बाकी सगळं मी काय मागायचं नाही ते.

ए-८०१: रविवारी घेऊन ये. आणि सेक्रेटरी, तुम्ही शांतारामांच्या संस्थेला एक मेल टाकून विचारून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

सेक्रेटरी: टाकतो. पण नोटीस कशी करू ते कोणीतरी फायनल सांगा, प्रिंटरची शाई संपत आलीय आणि हे तिसऱ्यांदा होतंय

बी-५०३: मी देते लिहून. "शनिवार, सायं. ७.३०. दो आँखें बारह हाथ. कथा-पटकथा : ग. दि. माडगूळकर. संगीत : वसंत देसाई. गीते : भरत व्यास. निर्मिती-दिग्दर्शन : व्ही. शांताराम. परवानगी आल्यास."

ए-८०१: 'आल्यास' नको, 'परवानगी मिळाल्यावरच खेळ होईल' असं करा. आणि मुलांना पालकांशिवाय सोडू नका हे पण घाला.

सी-२०२: एडिटर राहिला. आणि कॅमेरामन

बी-५०३: खरंच रे, बघ मी सुद्धा विसरले. संकलन चिंतामणी बोरकर, छायाचित्रण जी. बाळकृष्ण. घाल मध्ये.

सी-२०२: मी करून देतो ताई, फाँट पण बदलतो, आधीचा लग्नपत्रिकेसारखा होता

सेक्रेटरी: झाली नोटीस. तिन्ही लिफ्टपाशी लावली. सर्वांचे आभार.

ए-३०२: आत्ता खाली वाचून आलो. छान झालीय. पण खाली मोठ्या अक्षरात फक्त तुमचं नाव आणि सही?

सेक्रेटरी: साहेब सोसायटीची नोटीस आहे, सेक्रेटरीचीच सही लागते

बी-५०३: मसुदा माझा, दुरुस्ती काकूंची, मांडणी या पोराची.

ए-८०१: आणि शाई सोसायटीची. तिथे माझा कायदा त्यांच्या बाजूनं आहे.