बोर्निओतला कापलेला पाय: शस्त्रक्रिया की नशीब?

रानवाटा: बोर्निओच्या लिआंग तेबो गुहेत २०२० साली ३१,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. डावा पाय नडगीतून कापलेला, हाडाची टोकं भरून आलेली. पाय गेला तेव्हा ते लहान पोर होतं. पुढे सहा ते नऊ वर्षं जगलं आणि विशीच्या आसपास गेलं. माझ्या मते ही शस्त्रक्रियाच. रक्त कसं थांबवायचं हे कापणाऱ्याला माहीत होतं. त्या माणसांना 'रानटी' म्हणणं आता थांबवा.

अस्थिवेडा: असहमत. एका सांगाड्यावर केवढा डोलारा! कापल्यावर दोन दिवसांत जे दगावले, त्यांची हाडं भरलीच नाहीत, म्हणून ते आपल्या हिशेबात येतच नाहीत. आणि फासात पंजा गमावलेले चिंपांझी युगांडाच्या जंगलात वर्षानुवर्षं जगतात. तिथे कुठला वैद्य?

रानवाटा: अपघातात हाड चिरडतं. इथे तशी खूण नाही, हाडात पू झाल्याचीही नाही. तेही त्या दमट जंगलात! कुणीतरी जखम पुन्हा पुन्हा साफ केली असणार.

सावली: सर्जरी वॉर्डात चौदा वर्षं नर्स आहे, म्हणून लिहिते. कापणं एकदाच होतं. त्यानंतर पाणी पाजणं, शी-शू काढणं, कूस बदलणं, हे रोजचं. वॉर्डात नातेवाईक नसलेल्या पेशंटचे हाल मी बघते. तिथे तर डोंगराळ मुलूख, आणि एका पायाचं पोर. इराकच्या शानिदार गुहेतला तो निअँडरथलही (आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवजात) आठवा: उजवा हात निकामी, डाव्या डोळ्याने बहुधा दिसत नव्हतं, तरी चाळिशीच्या आसपास पोचला. त्याला खाऊ कोण घालत होतं?

अस्थिवेडा: सावलीताई, काळजी घेतली हे मान्य. पण काळजी म्हणजे वैद्यक नव्हे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ ते साडेसात हजार वर्षांपूर्वी गारगोटीच्या टोकाने दाढा कोरत, अशा अकरा दाढा मिळाल्या. नंतरच्या लोकांचे दात किडकेच होते, पण कोरणं बंद पडलं. विद्या एका ठिकाणी उगवते आणि तिथेच विझते. म्हणून 'आदिमानवाला शस्त्रक्रिया येत होती' असं सरसकट म्हणू नका.

रानवाटा: सरसकट नाही म्हणत. त्या गुहेतल्या माणसांना येत होती, एवढंच म्हणते.

सावली: काळजी म्हणजे वैद्यक नव्हे, हे मात्र मला अजिबात पटलं नाही. जखम रोज धुणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?