माणसासारखे उभे प्राणी काढायचे आहेत, शरीररचना कशी शिकावी?

शाई_फोंडा
नमस्कार. मुलांसाठी चित्रकथा करते आहे. गाव आपल्या गोव्यातलंच. कुत्रा पोदेर आहे, सायकलवरून पाव विकतो. गवा बसचा कंडक्टर आणि मांजर मासळी विकणारी. चेहरे जमतात, पण धड काढलं की मुखवटा घातलेला माणूस दिसतो. कुत्र्याचा पाय पेडलवर कसा ठेवायचा तेही कळत नाही. कुठून सुरुवात करू? सरावाची पद्धत सांगितलीत तर फार उपयोग होईल.

कोळसाकांडी
ताई, चेहरा बाजूला ठेवा आणि आधी टाच शोधा. कुत्र्याच्या मागच्या पायात जो उलटा गुडघा वाटतो, ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. कुत्रा-मांजर बोटांवर चालतात. गाय-गवा त्याहून पुढे, बोटांच्या टोकांवर. दोन खूर म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची नखं. गाय बसताना पुढचे ‘गुडघे’ टेकते ना, ती तिची मनगटं. रस्त्यात बसलेली गाय आपल्याकडे कुठेही सापडेल, तिच्यावरूनच सुरुवात करा.

सराव असा: माणसाचा आणि कुत्र्याचा सांगाडा शेजारी शेजारी काढायचा आणि टाच, गुडघा, मनगट, कोपर यांना दोन्हीकडे तोच रंग द्यायचा. हाडं बहुतेक तीच आहेत, लांबी बदलते. हे हातात बसलं की प्राणी उभा करणं सोपं जातं.

पेडलचं म्हणाल तर आपणही टाचेने नाही, चवड्याने पेडल मारतो. पोदेराला तेच करू द्या. तळपाय लांब, टाच उचललेली, नडगी थोडी आखूड. शेपटी म्हणजे कणाच मागे वाढलेला, म्हणून ती माकडहाडाच्या जागेवरून, पट्ट्याच्या खालून निघते. सीटच्या मागे तिला जागा ठेवा.

रेघोट्या_पेडणे
मुखवटा दिसतो तो मानेमुळे. माणसाची कवटी मानेवर वरून ठेवलेली असते, पाठीचा कणा तिला खालून जोडलेला असतो. चार पायांच्या प्राण्यात तो कवटीला मागून जोडलेला असतो. माणसाच्या सरळ मानेवर कुत्र्याचं डोकं बसवलं की ते चिकटवलेलंच दिसणार. मान खांद्यांतून पुढे झुकवा आणि डोक्याला मागून जोडा.

खांदेही बघा. आपली छाती रुंद आणि चपटी, त्यांची अरुंद आणि खोल. गायीला गळपट्टीचं हाड नसतं, मांजराचं अगदी छोटं आणि सुटं असतं. मासळीवालीला अरुंद, उतरते खांदे दिलेत तर तोंड न काढताही मांजर ओळखू येईल.

कुंचला७
चवथीआधी एखाद्या चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बसा. माणसाच्या अंगावर हत्तीचं डोकं कसं बसवतात ते रंग चढण्यापूर्वी मातीत स्वच्छ दिसतं.

रेघोट्या_पेडणे
चित्रशाळेत जरूर जावं, वजन आणि तोल तिथे छान कळतो. पण मानेसाठी नाही. गणपतीची मान कान आणि दागिन्यांत झाकलेली असते आणि मूर्ती मुख्यतः समोरून बघायची असते. चित्रकथेत पात्र पाठमोरंही वळणार. त्यापेक्षा छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजची १८८७ सालची छायाचित्रं बघा. माणसं आणि जनावरं दोन्ही चालताना, धावताना टप्प्याटप्प्याने टिपली आहेत. इंटरनेटवर मोफत मिळतात.

शाई_फोंडा
मानेचं वाचून लगेच कुत्रा पुन्हा काढला, खूपच फरक पडला! मनापासून आभार. आता गवा. त्याचं वशिंड शर्टात कसं दाखवू? आणि खुरांनी तिकीट कसं फाडणार?

कोळसाकांडी
गव्याचं वशिंड बैलासारखं मांसल नसतं. पाठीच्या मणक्यांचे काटे लांब वर आलेले असतात, त्याचा तो उंचवटा, खांद्यांपासून पाठीच्या मध्यापर्यंत. उभा केल्यावर तो मानेमागे आणि पाठीवर येईल. शर्ट तिथे ताणलेला दाखवा, कॉलर मागे ढकललेली, डोकं त्याच्या पुढून निघालेलं. गुडघ्याखालचे पांढऱ्या केसांचे ‘मोजे’ही विसरू नका, अर्धी चड्डी दिलीत तर ते दिसतील. आपला राज्यप्राणी आहे, लहान मुलंही बारकाईने बघतील. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन त्याला बाजूने आणि मागून रेखाटा.

हाताला दोन जाड बोटं द्या, टोकाला खूर. गव्याला अंगठा नसतो, तो आपण द्यायचा, नाहीतर तिकीट धरता येणार नाही. फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हात तोच ठेवा.