गेमने अर्ध्यात खेळच बदलला, तर ती खेळणाऱ्याची फसवणूक नाही का?

त्रिमूर्तीचौक
बारावी संपलेल्या भाच्याला परवा लॅपटॉपवर व्हाइस सिटी हा जुना गेम टाकून दिला. दोन दिवस पोरगा मजेत गाड्या पळवत होता. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून बसला. कारण तेच, ज्याने पवननगरच्या सायबर कॅफेत माझे खाऊचे पैसे संपवले होते. रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत खेळण्यातलं हेलिकॉप्टर घुसवायचं, चार बॉम्ब एकेक करून उचलून ठरलेल्या जागी ठेवायचे, आणि पहिला बॉम्ब उचलला की घड्याळ सुरू. वर-खाली एका हाताने, झुकवायला नंबरपॅड, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग. भाच्याच्या लॅपटॉपला नंबरपॅडच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की गेमने ज्यात हात बसवला त्याचीच परीक्षा घ्यावी. ब्रूटल लेजंडने (२००९) तर कहर केला. कुऱ्हाड घेऊन मारामारी करायची म्हणून गेम घ्यावा, आणि पुढे गेल्यावर फौज उभी करा, आपला गाण्याचा स्टेज सांभाळा. आधी चाखायला मिळणाऱ्या डेमोत त्याचा मागमूसही नव्हता. याला मी फसवणूकच म्हणतो.

गंगापूररोडकर
दादा, मुळीच पटलं नाही. निअर ऑटोमाटा (२०१७) सुरू होतो तो वरून दिसणाऱ्या विमानांच्या गोळीबाराने, मग हातात तलवार येते, कॅमेरा कधी बाजूला जातो, कधी डोक्यावर. पहिला शेवट झाला की तीच कथा दुसऱ्या पात्राकडून खेळायची, आणि आता तलवारीच्या जोडीला शत्रूच्या डोक्यात शिरून हॅकिंग. ज्या यंत्रांना मी आधी भंगार समजून तोडत गेलो, त्यांच्या आत काय चाललंय ते तेव्हा कळलं. मला दोन दिवस दुसरा गेम लावावासा वाटला नाही. हात बसला तसाच शेवटपर्यंत ठेवला असता, तर हे कसं जमलं असतं?

इंदिरानगरची ताई
मी आणि नवऱ्याने इट टेक्स टू (२०२१) एकत्र खेळला. त्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता. शेडमध्ये त्यांच्याकडे खिळे, माझ्याकडे हातोडा. त्यांनी लाकडात खिळा मारायचा, मी त्याला हातोडा अडकवून झोका घ्यायचा. खिळा चुकला की मी खाली. पुढे बर्फात आलो तर दोघांकडे चुंबकाचं एकेक टोक. दर प्रकरणात नवीन काहीतरी हातात पडतं, त्यामुळे माझी इतक्या वर्षांची सवय निम्म्याने निकामी झाली आणि आम्ही दोघं एका पातळीवर आलो. घटस्फोटाच्या दारातल्या जोडप्याची गोष्ट आहे ती, एकमेकांवाचून पुढे जाताच येत नाही. दर वेळी खेळ बदलला म्हणून तर आमचे हे खेळू शकले.

निफाडचा बागायतदार
ताई, बदललं ते वरचं. पळणं, उडी मारणं पहिल्या मिनिटापासून तेच होतं ना? आमच्याकडे द्राक्षाला खुंट डॉगरिजचा लावतात आणि वर कलम थॉमसनचं. घड थॉमसनचे लागतात, पण पाणी ओढतं ते खालचं मूळ. चांगल्या गेमने असंच बदलावं. स्पोअर (२००८) आठवा. पाच टप्पे. पाण्यातला जीव, मग प्राणी, मग टोळी, मग संस्कृती, मग अवकाश. कल्पना इतकी मोठी की मी रात्र जागलो होतो. पण प्राण्याला जे पाय, चोच, नखं निवडून लावली, त्यांचा रणगाडे लढवताना काय उपयोग? दर टप्प्याला नवा खड्डा, नवं रोप. एकाचीही मुळं खोल गेली नाहीत.

रामकुंडाशेजारी
(ब्रदर्स, २०१३, खेळायचा असेल तर हा प्रतिसाद वाचू नका, शेवट सांगतोय.)
दोन भाऊ. कंट्रोलरची डावी काडी आणि डावं बटण थोरल्याचं, उजवीकडचं धाकट्याचं. धाकट्याला पाण्याची भीती, तो थोरल्याच्या पाठीला धरून नदी ओलांडतो. थोरला मरतो. मग धाकटा एकटा नदीवर येतो. उजवं बटण दाबून दाबून थकलो, तो पाण्यात जाईना. डावा हात नुसता पडून होता. काही सुचेना म्हणून थोरल्याचं बटण दाबलं, आणि पोरगा पोहायला लागला. मला समोरचं दिसेना इतकं रडू आलं. हे आधी सांगून-शिकवून केलं असतं, तर उरलं काय असतं?

त्रिमूर्तीचौक
हे वाचून मीही गलबललो. पण बघा, बटण तेच होतं. संपूर्ण गेमभर तुमचा डावा हात ते शिकत होता. नवीन काही लादलं नाही, म्हणून तर ते काळजाला भिडलं.

गंगापूररोडकर
मग हेलिकॉप्टरही तसंच की! त्या मिशनमुळेच पुढे व्हाइस सिटीत मोठं हेलिकॉप्टर मिळालं तेव्हा मला नीट उडवता आलं. भाचा पास झाला का?

त्रिमूर्तीचौक
झाला. शेजारून बाहेरचा कीबोर्ड आणून जोडला, सहाव्या खेपेला जमलं. पण शिकवायचंच होतं, तर घड्याळ न लावता आधी मोकळ्या मैदानात दोन चकरा मारू द्यायच्या. त्याच मालिकेतल्या पुढच्या सॅन अँड्रियासमध्ये (२००४) त्यांनी तेच केलं, आधी विमानाची शाळा, मग विमानाची मोठी कामं.

गंगापूररोडकर
त्या शाळेतच कंटाळून गेम सोडलेले माझे चार मित्र आहेत, दादा. त्यांना आत्ताच हा धागा पाठवलाय.