नेस्टेड व्हीएम हळू चालते? आधी कर्नलचे काउंटर बघा

ऐरोलीकर:
मंडळी, आमच्या चाचण्यांचे सर्व्हर एका क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आहेत. तिथल्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधला व्हीएम चालवणारा भाग, चालवून आम्ही आणखी व्हीएम उठवतो; व्हीएमच्या आत व्हीएम, म्हणून 'नेस्टेड'. मध्यंतरी चाचण्या रेंगाळायला लागल्या आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच पालुपद: "नेस्टेड आहे ना, हळूच चालणार." यावर माझा ठाम आक्षेप आहे.

खरा होस्ट एल०, त्यावरची व्हीएम एल१ आणि तिच्या आतली एल२. इंटेलच्या प्रोसेसरला हायपरवायझरचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एकच थर कळतो, त्यामुळे एल२ अडली (याला 'एक्झिट' म्हणतात) की आधी एल० जागा होतो आणि मग तो एल१कडे काम सोपवतो. ते निस्तरताना एल१ने व्हीएमसीएसमध्ये (प्रोसेसर व्हीएमची स्थिती जिथे ठेवतो ती नोंदवही) काही वाचलं-लिहिलं की पुन्हा एल०. आयबीएमच्या हैफा प्रयोगशाळेतल्या टर्टल्स प्रकल्पाने २०१० साली दाखवलं की एल२च्या एका एक्झिटपोटी एल१चे ४०-५० एक्झिट होऊ शकतात. पण त्याच लोकांनी सुधारणा करून नेहमीच्या कामांत एकेरी व्हर्च्युअलायझेशनच्या वेगापेक्षा ६ ते ८ टक्केच मागे राहूनही दाखवलं. पुढे इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या प्रोसेसरपासून व्हीएमसीएस शॅडोइंग आलं आणि या वाचण्या-लिहिण्यातलं बरंचसं हार्डवेअरमध्येच भागू लागलं. तेव्हा "नेस्टेड आहे" एवढ्यावर थांबणं म्हणजे तपास न करता फाइल बंद करणं.

एल१मध्ये 'पर्फ केव्हीएम स्टॅट' (कर्नलचे काउंटर वापरून एक्झिट प्रकारवार मोजणारी लिनक्सची कमांड) लावलं तर ईपीटी मिसकॉन्फिग हा एक्झिटचा प्रकार सगळ्यात वर. एल२ने व्हर्टआयओ डिस्कला (व्हीएमसाठीची आभासी डिस्क) "काम आलंय" असं कळवलं की आमच्याकडे हा एक्झिट होतो. चाचणीतला डेटाबेस एकेका नोंदीमागे एफसिंक करत होता, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबत होता. नोंदी गठ्ठ्याने लिहायला लावल्या आणि रांग हलली. नुसती एकूण मिनिटं मोजून हे कधी सापडलं असतं?

भांडुपकर:
असहमत. तुमचं निदान बरोबर निघालं याचा आनंद आहे, पण त्यावरून नियम काढू नका. काउंटर 'किती वेळा' ते सांगतो. निवांत बसलेल्या व्हीएममध्ये हॉल्टचे (प्रोसेसर थांबवण्याचे) एक्झिट ढिगाने दिसतात, कारण तिला कामच नसतं. नवखा माणूस तो आकडा बघून घाबरतो आणि होस्टचं हॉल्ट पोलिंग (व्हीएम थांबली तरी काम येतंय का हे काही काळ बघत राहणं) वाढवून ठेवतो. मग सीपीयू फुकट जळतो. आमच्याकडे पेमेंटची सेवा आहे. तिथे विनंतीला उत्तर किती मिलिसेकंदांत गेलं, हेच मी आधी बघणार आणि तेच शेवटी.

ऐरोलीकर:
पण पर्फ एक्झिटगणिक वेळही देतं ना! सरासरी, कमाल, किमान, सगळं. नुसत्या संख्येवर निर्णय घ्या असं मी म्हणतच नाही.

भांडुपकर:
देतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. ती वेळ एल१च्या चष्म्यातून मोजलेली. एल१ने एन्ट्रीची (एल२ला पुन्हा धावू देण्याची) नोंद केली आणि एल२ प्रत्यक्षात धावू लागली, या दोन क्षणांच्या मध्ये एल० व्हीएमसीएस जुळवत बसलेला असतो. तेवढा वेळ एल१च्या हिशेबात एल२च्या नावावर चढतो. परत येतानाही तसंच. स्टील टाइममध्ये सापडेल म्हणाल तर तेही नाही. स्टील म्हणजे व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेला आभासी प्रोसेसर) धावायला तयार असून रांगेत थांबला तो वेळ, एल०ने त्याच्याच कामात घालवलेला वेळ त्यात येत नाही. ठाण्याहून अंधेरीला निघालेल्या माणसाचे फक्त गाडीतले क्षण मोजले, तर दादरच्या पुलावरची गर्दी हिशेबातच येणार नाही. तुम्ही नेस्टेडची किंमत मोजायला निघालात आणि नेमकी तीच तुमच्या काउंटरला दिसत नाही.

माटुंगा_लॅब:
भांडुपकरदादांचा मुद्दा पटला, पण त्यावर उपाय आहे. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरच्या केव्हीएममध्ये एल०च हा हिशेब ठेवून एल१ला देतो. एल१ने व्हीसीपीयूच्या सामायिक मेमरीत एक खूण केली की तीन आकडे मिळतात: एल१मधून एल२त जायला लागलेला वेळ, परतीचा वेळ, आणि एल२ खरोखर धावली तो वेळ. तिन्ही टाइमबेसच्या (प्रोसेसरमधल्या घड्याळाच्या) टिकमध्ये येतात आणि कर्नल त्यांचे नॅनोसेकंद करतं. इंटेल-एएमडीच्या बाजूलाही असंच हवं. मला वाटतं भांडण काउंटर विरुद्ध घड्याळ असं नसून आतबाहेर करण्याचा वेळ मोजायचा कुणी, याचं आहे.

पवई_रात्रपाळी:
आणि क्लाउडवाला हे आकडे देईल असं वाटतं? एल०ची वेळ इतकी बारीक बाहेर दिली तर शेजारच्या भाडेकरूच्या हालचालींचा अंदाज बांधता येतो. मी त्या जागी असतो तर दिली नसती. शिवाय ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या घटना नोंदवण्याच्या जागा, ज्यांवर पर्फ चालतं) फुकट नसतात. सेकंदाला लाखभर एक्झिट होत असतील तर मोजणीच काम हळू करते.

ऐरोलीकर:
लाखभर होत असतील तर सतत ट्रेस लावू नये, हे मान्य. त्यासाठी केव्हीएमचे साधे बेरजेचे आकडे डीबगएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलसारखी वाचायची जागा) असतातच. चाचणीआधी आणि नंतर वाचायचे, वजाबाकी करायची. पण गुप्ततेचं कारण मला पटत नाही. माझ्याच एल२चा वेळ मला मिळाला तर शेजाऱ्याचं काय जातं? पैसे मी भरतो आणि त्यातला किती वेळ आतबाहेर करण्यात गेला हे मला विचारताही येऊ नये?

पवई_रात्रपाळी:
शेजारी प्रोसेसरची सामायिक कॅश (जवळची जलद मेमरी) ढवळतो, त्याने तुमचाच आतबाहेरचा वेळ हलतो. त्यातूनच त्याचा सुगावा लागतो.

भांडुपकर:
तोवर एल०शिवाय जमेल ते करा. तीच चाचणी एकदा एल१वर आणि एकदा एल२त चालवा, व्हीसीपीयू पिन करून (ठरावीक खऱ्या प्रोसेसरला बांधून). दोन्हींच्या वेळेतल्या फरकातून पर्फने एक्झिट हाताळण्यात दाखवलेला वेळ वजा करा. उरलेल्यात एल०चा वाटा लपलेला असतो, पेज टेबलच्या (मेमरीचे पत्ते शोधायच्या तक्त्यांच्या) दुहेरी फेऱ्यांचाही असतो. त्यांची वाटणी करून देणारा काउंटर दाखवा, मग मी तुमच्या बाजूने बोलेन.